“बघू” म्हणणारा बॉस : आयटीवाल्यांच्या अनुभवातून छोट्या मालकाने काय शिकायचं?



माझं दुकान वाकडला आहे हे आपल्या चॅनेलच्या जुन्या मंडळींना माहीत आहेच. स्टेशनरी, झेरॉक्स, प्रिंट, बाइंडिंग, लॅमिनेशन. हिंजवडीचं आयटी पार्क हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आयटीत काय चाललंय हे मला माझ्या काउंटरवर कळतं. एरवी आमच्याकडे प्रिंटला काय येतं? भाडेकरार, मुलांचे प्रोजेक्ट, आधार कार्ड, विम्याचे कागद. पण मधूनच एखादा आठवडा असा येतो की पेन ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲपवर रेझ्युमेच रेझ्युमे. प्रिंट घेणारा माणूस इकडेतिकडे बघत असतो, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून. तेव्हा मी समजून जातो.

जुलै २०२५ च्या शेवटी असाच एक आठवडा आला. टीसीएसने त्या आर्थिक वर्षात सुमारे २ टक्के, म्हणजे साधारण १२,००० लोक कमी करणार असं जाहीर केलं. त्यातही मधल्या आणि वरच्या पातळीवरचे जास्त. तेव्हा सहा लाखांच्या वर माणसं असलेली कंपनी, टाटांचं नाव. “टीसीएसमध्ये लागला म्हणजे सुटला” असं आपल्याकडे लग्न जमवताना म्हणायचे. त्या बातमीनंतर दुसऱ्या कंपन्यांतली माणसंसुद्धा घाबरली.

आपल्या शनिवारच्या बॅचलाही तेव्हापासून आयटीवाले जास्त यायला लागले. कोणाला क्लाउड किचन काढायचंय, कोणाला लाकडी घाण्याचं तेल, कोणाला ट्रॅव्हल्स. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, “धंदा का करायचाय?” पूर्वी उत्तर यायचं, “स्वतःचं काहीतरी करायचंय.” आता अर्ध्या लोकांचं उत्तर असतं, “सर, बॉसला कंटाळलो.”

आजचा लेख या उत्तरावर आहे. कारण मित्रांनो, ज्या दिवशी तुम्ही पहिला माणूस कामावर ठेवता, त्या दिवशी तुम्हीसुद्धा कोणाचे तरी बॉस होता.

आधी त्यांचे अनुभव ऐका

मी इथे कंपन्यांची किंवा माणसांची नावं घेणार नाही. बॅचमध्ये विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आहेत.

एक ताई. अकरा वर्षांचा अनुभव, टेस्टिंगमध्ये. त्यांचा प्रोजेक्ट संपला आणि त्या बेंचवर आल्या. बेंच म्हणजे काय, तर पगार चालू पण हाताला काम नाही. पुढचा प्रोजेक्ट मिळेपर्यंत थांबायचं. त्यांनी मॅनेजरला विचारलं, “माझं पुढे काय?” उत्तर आलं, “प्रोसेस चालू आहे, बघू.” पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात मॅनेजरच बदलला. नवा म्हणाला, “मी आत्ताच आलोय, बघू.” ताई म्हणाल्या, “सर, रोज सकाळी लॅपटॉप उघडताना पोटात गोळा यायचा. लॉगिन झालं की हुश्श. म्हणजे आजचा दिवस आहे.”

दुसरे एक दादा. त्यांचं काम चांगलं, क्लायंटच्या शाबासकीचे मेल आलेले. पण वर्षाच्या शेवटी रेटिंग खालचं. विचारलं तर मॅनेजर म्हणाला, “टीममधल्या एकाला तरी खालचं रेटिंग द्यावंच लागतं. या वर्षी तू ॲडजस्ट कर, पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी माणसं कमी करायची वेळ आली, तेव्हा यादी कुठून काढली? त्याच खालच्या रेटिंगवरून.

तिसरा अनुभव एका तरुण मुलाचा. अचानक मीटिंगचं बोलावणं. पंधरा मिनिटांचा कॉल. एचआर म्हणाली, “आज राजीनामा दिलास तर रिलिव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. नाही दिलास तर आम्हाला काढावं लागेल आणि ते रेकॉर्डवर राहील.” त्याने दिला. संध्याकाळी लॅपटॉप बंद. आईला सांगायला त्याला तीन आठवडे लागले. रोज डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि दुपारभर मॉलमध्ये बसायचा.

आता या तिन्ही गोष्टींत सारखं काय आहे बघा. नोकरी जाणं वाईटच. पण तिघांनाही जास्त लागलं ते न कळणं. कधी, का, किती, कोणी ठरवलं, हे कोणी नीट सांगितलंच नाही.

हे होतं का? धंद्याचं गणित समजून घ्या

आपण उद्योजक होणार आहोत, त्यामुळे नुसता राग धरून चालणार नाही. समोरच्याचं गणितही कळलं पाहिजे.

आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या आयटी कंपन्या काय विकतात? माणसांचा वेळ. अमेरिकेतला, युरोपातला क्लायंट इंजिनिअरच्या तासांचे किंवा दिवसांचे पैसे देतो. इंजिनिअर प्रोजेक्टवर असला की तो ‘बिलेबल’. प्रोजेक्ट संपला की पगार खर्चात, उत्पन्न शून्य. माझ्या भाषेत सांगायचं तर झेरॉक्स मशीन चालू आहे, वीजबिल चढतंय, पण कोणी प्रिंट मारत नाही.

शिवाय क्लायंटने हात आखडला की इथे ताबडतोब धक्का बसतो. कोणाच्या तरी डोक्यावर बसून पैसे वसूल करता येत नाहीत. म्हणून माणसं कमी करायची वेळ कधीतरी कोणत्याही धंद्यावर येते. ते सरसकट पाप आहे असं मी म्हणणार नाही. उद्या तुमच्यावरही येईल.

चूक कुठे होते, ते बघा. जून २०२५ पासून टीसीएसने नियम लावला की कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल असलं पाहिजे आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. कागदावर बघितलं तर आकडा स्पष्ट आहे, आणि स्पष्ट आकडा मला आवडतो. पण विचार करा, प्रोजेक्ट आणणं हे पूर्णपणे त्या कर्मचाऱ्याच्या हातात असतं का? क्लायंट येणार की नाही, कोणत्या टेक्नॉलॉजीचं काम येणार, हे वरचे लोक ठरवतात. मग अशा नियमात वरच्या निर्णयाचा भार खालच्या माणसाच्या खांद्यावर येतो.

मी हे केलंय बरं का. आमच्या समोरचा रस्ता ड्रेनेजसाठी दोन महिने खोदला होता. गिऱ्हाईक येईना. आणि मी काउंटरवरच्या पोराला ओरडतोय, “आज गल्ला एवढाच?” आता खड्ड्यातून गिऱ्हाईक उचलून आणायचं का त्याने?

दोन गोष्टी जगाने महाग किमतीत शिकल्या, आपण फुकट शिकू

पहिली मायक्रोसॉफ्टची. त्यांच्याकडे बरीच वर्षं एक पद्धत होती, ‘स्टॅक रँकिंग’. प्रत्येक टीममध्ये काही जण उत्तम, बरेच जण मध्यम आणि काही जण खराब ठरवायचेच. टीममधले दहाच्या दहा हुशार असले तरी कोणीतरी तळाला जाणारच. झालं काय? चांगली माणसं चांगल्या माणसांबरोबर काम करायला टाळायला लागली, कारण शेजारी हुशार बसला तर आपला नंबर खाली. बाहेरच्या कंपनीशी लढायचं सोडून लोक एकमेकांशी लढायला लागले. शेवटी नोव्हेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही पद्धत बंद केली. आपल्या बॅचमधल्या दादांना “कोणाला तरी खालचं रेटिंग द्यावंच लागतं” असं ऐकावं लागलं, ते याच जातीचं.

तुमच्या दुकानात दोन माणसं असतील आणि तुम्ही रोज म्हणत असाल, “तो बघ कसा काम करतो, नाहीतर तू,” तर तुमच्याकडे स्टॅक रँकिंग चालू आहे. फक्त सॉफ्टवेअर नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या बेटर डॉट कॉमची. घरकर्जाचा ऑनलाइन धंदा. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचे सीईओ विशाल गर्ग यांनी एका झूम कॉलवर सुमारे ९०० लोकांना सांगितलं की या कॉलवर जे आहेत त्यांची नोकरी गेली. काही मिनिटांत विषय संपला. कॉलचा व्हिडिओ जगभर फिरला. पुढे त्यांना ज्या पद्धतीने हे केलं त्याबद्दल माफी मागावी लागली, काही काळ रजेवरही जावं लागलं. आता एक लक्षात घ्या. माणसं कमी करणाऱ्या कंपन्या त्या काळात आणि नंतरही कितीतरी झाल्या. लोकांच्या लक्षात ही राहिली, ती पद्धतीमुळे.

आता माझी गोष्ट, जी मी व्हिडिओत सांगितली नव्हती

माझ्याकडे एक मुलगा होता, बाइंडिंगला. चार वर्षं काम केलं त्याने. इंजिनिअरिंगच्या मुलांची ब्लॅक बुकं असतात ना, काळं कव्हर आणि सोनेरी अक्षरं, त्यात त्याचा हात बसलेला. पानं एक मिलिमीटर इकडची तिकडे नाही. कॉलेजची पोरं त्याचं नाव घेऊन यायची.

एका वर्षी दिवाळीनंतर धंदा खूप बसला. जानेवारीत मी विचार करायला लागलो की एक माणूस कमी करावा का. मी हे कोणालाच बोललो नाही. पण दुकान दहा बाय वीसचं, त्यात गुपित राहतं का? अकाउंटंटशी फोनवर बोलताना त्याने ऐकलं असणार.

दोन दिवसांनी दुकान बंद करताना त्याने विचारलं, “दादा, माझं काय?”

मी म्हणालो, “बघू रे.”

खरं सांगतो, मी त्याला काढणार नव्हतोच. मला माहीत होतं की एप्रिल-मेमध्ये सबमिशन असतात आणि तेव्हा तो लागणारच. पण तेवढं एक वाक्य मी बोललो नाही. का बोललो नाही? कारण मला वाटलं, सांगितलं तर हा पगार वाढवून मागेल. थोडा टेन्शनमध्ये राहिला तर नीट काम करेल. मी बीबीए केलंय, मॅनेजमेंटचे पेपर दिलेत, आणि डोक्यात हे असले विचार!

फेब्रुवारीत त्याने परत विचारलं. मी परत म्हणालो, “बघू.” त्या महिन्यात पगारही सात तारखेऐवजी पंधराला दिला, तोही न सांगता.

मार्चच्या शेवटी तो आला आणि म्हणाला, “दादा, उद्यापासून येत नाही. कुरिअरमध्ये लागलो.”

एप्रिल-मे असा गेला की विचारू नका. मी स्वतः रात्री दोनपर्यंत बाइंडिंग करत होतो. एका ग्रुपच्या चार ब्लॅक बुकांवर गाइडचं नाव चुकीचं उमटलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं सबमिशन होतं. त्यांना पैसे परत दिले आणि वर बोलणी खाल्ली. ती पोरं परत आली नाहीत, त्यांचे ज्युनिअरही आले नाहीत. एक सीझन बुडाला आणि पुढच्या सीझनचं गिऱ्हाईकही गेलं.

काही महिन्यांनी तोच मुलगा लायसन्सची झेरॉक्स काढायला आला. चहा मागवला. मी विचारलं, “तिथे पगार जास्त आहे का रे?”

तो म्हणाला, “नाही दादा, पाचशे रुपये कमीच आहे. पण पुढच्या महिन्यात मी कामावर आहे की नाही, ते माहीत असतं.”

मी काहीच बोललो नाही. काय बोलणार?

त्या ताईंनी जेव्हा बॅचमध्ये “प्रोसेस चालू आहे, बघू” हे सांगितलं, तेव्हा सगळे त्या मॅनेजरला नावं ठेवत होते. मी गप्प होतो. तो मॅनेजर निदान स्वतःही वरच्याला विचारून बोलत असेल. माझ्या वर तर कोणीच नव्हतं.

मालक म्हणून पाच सवयी

यातून मी स्वतःला लावलेल्या पाच सवयी सांगतो. एक माणूस ठेवा नाहीतर दहा, याच लागतील.

१. ‘बघू’ला तारीख लावा. सगळ्या प्रश्नांची उत्तरं लगेच नसतात, मान्य. पण “पंधरा तारखेला सांगतो” हे सांगता येतं. आणि पंधराला उत्तर नसेल तरी पंधराला बोला. “अजून ठरलं नाही, पंचवीसला सांगतो.” माणूस वाईट बातमीची तयारी करू शकतो. धुक्यात कशाची तयारी करणार?

२. वाईट बातमी तुमच्याच तोंडून, समोरासमोर, आणि सगळ्यांत आधी त्यालाच. व्हॉट्सॲपवर नाही, बायकोकरवी नाही, दुसऱ्या कामगाराकडून तर नाहीच. धंदा मंद असेल तर आकडा सांगा. “गेल्या तीन महिन्यांत विक्री एवढी उतरली. जूनपर्यंत तुला नक्की ठेवतो, पुढचं जूनमध्ये बोलू.” मालक घाबरतो की असं सांगितलं तर माणूस पळेल. काही जण जातीलही. पण जो राहील तो तुमच्याबरोबर राहील.

३. त्याच्या हातात आहे तेवढ्याचाच हिशोब मागा. गिऱ्हाईक किती आलं हे तुमचं काम: जागा, जाहिरात, माल, भाव. आलेल्या गिऱ्हाइकाला किती वेळात माल मिळाला, चुका किती झाल्या, काउंटर स्वच्छ होता का, हे त्याचं काम. दोन्हीची सरमिसळ करू नका.

४. पगाराची तारीख म्हणजे तारीख. त्याचं दुकानाशी नातं त्या तारखेने बांधलेलं असतं. त्याच्या घरी हप्ता असतो, शाळेची फी असते. उशीर होणारच असेल तर चार दिवस आधी सांगा आणि थोडे तरी पैसे हातात ठेवा.

५. एका पानाचा कागद करा. काम काय, वेळ कोणती, पगार किती आणि कधी, सुट्ट्या किती, सोडायचं किंवा सोडवायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. आणि ही नोटीस दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. आयटीत नोकरी सोडणाऱ्याला बरेचदा ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि त्या तरुण मुलाला मात्र एका संध्याकाळी घरी बसवलं. हे माणसाच्या मनात राहतं. कागद मराठीत करा, सोप्या भाषेत, दोघांच्या सह्या, एक प्रत त्याच्याकडे. तुम्हाला कोणते कामगार कायदे लागतात, ते माणसांच्या संख्येवर बदलतं. उदाहरणार्थ, पीएफ साधारणपणे २० माणसांपासून लागू होतो. त्यामुळे माणसं वाढवायच्या आधी आपल्या सीएला विचारून घ्या.

आणि जे अजून नोकरीत आहेत, त्यांच्यासाठी

बॉसला कंटाळून धंद्यात येणाऱ्यांना मी नाही म्हणत नाही. पण चीड हे भांडवल नाही, मित्रांनो. ती पहिल्या तीन महिन्यांत संपते. त्यानंतर दुकानाचं भाडं उरतं. म्हणून राजीनामा टाइप करायच्या आधी एवढं करा.

निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते वेगळे काढा. हे धंद्याचे पैसे नव्हेत. कंपनीकडून नोकरी सुटताना काही रक्कम मिळाली, तर ती सगळी फर्निचरमध्ये आणि बोर्डमध्ये घालू नका. घराला आधी.

आरोग्य विमा स्वतःचा काढा. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबरच संपतो. आईवडील त्यावर असतील तर त्यांचं काय, हे नोकरी असतानाच बघून ठेवा.

नोकरी करता करता धंदा सुरू करणार असाल, तर आधी अपॉइंटमेंट लेटर नीट वाचा. बाहेर दुसरं काम करायची मनाई अनेक करारांत असते. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना सापडलेल्या ३०० जणांना काढलं होतं. तुमचा पापडाचा धंदा म्हणजे प्रतिस्पर्ध्याची नोकरी नव्हे हे खरं, पण तुमच्या करारात काय लिहिलंय ते बघून लेखी परवानगी घेतलेली बरी.

आणि शेवटचं. आत्ताच्या बॉसची कोणती वागणूक तुम्हाला लागली, ते एका वहीत लिहून ठेवा. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलणं, सुट्टी मागितली की तोंड वाकडं करणं, श्रेय स्वतः घेणं, जे असेल ते. ही वही टाकू नका. दोन वर्षांनी तुमच्याकडे तीन माणसं कामाला असतील, तेव्हा ती उघडा. त्यातल्या किती गोष्टी आता तुम्ही करताय, ते मोजा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्याकडे एक जरी माणूस कामाला असेल, तर उद्या दुकान उघडल्यावर त्याच्याबरोबर दहा मिनिटं बसा. चहा सांगा. आणि विचारा, “मी तुला कोणत्या गोष्टीवर बघू म्हणालोय आणि अजून सांगितलं नाही?” तो आधी लाजेल, “काही नाही दादा” म्हणेल. थोडं थांबा. मग सांगेल. त्यातल्या एका गोष्टीला तारीख द्या.

मी हे माझ्या आत्ताच्या ताईंना विचारलं. मला वाटलं, पगारवाढीचं काढतील. त्या म्हणाल्या, “मे महिन्यात गावी जायला चार दिवस मिळतील का, हे मी डिसेंबरपासून विचारतेय. तुम्ही बघू म्हणता. तिकीट काढायचं राहिलंय.”

चार दिवसांची सुट्टी! तेवढ्यासाठी त्या चार महिने ताटकळल्या. लगेच कॅलेंडरवर गोल केला.

तुमच्या दुकानात काय निघालं, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. माणसाचं नाव लिहू नका, फक्त गोष्ट लिहा. पुढच्या शनिवारी आपण त्या एका पानाच्या कागदाचा नमुना मराठीत तयार करणार आहोत, वही-पेन घेऊन बसा.

भेटू मग. धंदा जपा, आणि धंद्यातली माणसंही.